सोमवारभाऊ

सोमवारभाऊचं खरं नाव फक्त हॉल तिकिटावर असतं. एरवी चामोर्शीत त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नाही. मध्यंतरी पोस्टमन ते नाव विचारत अभ्यासिकेत आला, तेव्हा पोरांनी "असं इथं कोणी नाही जी" म्हणून त्याला परत पाठवलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला सोमवारभाऊ मान वर न करता म्हणाला, "आष्टी रोडकडे विचारा, तिकडं नवीन लोकं राहायले आले आहेत."

अभ्यासिकेच्या समोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आधार-पॅनची दुरुस्ती. तालुक्यातल्या कितीतरी पोरांची स्वप्नं माझ्या संगणकात पीडीएफ होऊन पडली आहेत. फोटो आणि सही सांगितलेल्या केबीत बसवून दिली की माझं काम संपतं. पुढचं त्यांचं नशीब. त्या सगळ्यांत सोमवारभाऊचा फोल्डर जाड. त्यात तलाठी आहे, ग्रामसेवक आहे, पोलीस शिपाई आहे, वनरक्षक आहे, राज्यसेवा आहे. एकदा चुकून पशुधन पर्यवेक्षकाचाही फॉर्म त्यानं भरायला घेतला होता. पात्रता बसत नाही हे कळल्यावर त्यानं गायीगुरांबद्दल फार आपुलकीनं बोलून तो बंद केला.

तो पहिल्यांदा आला तो वेळापत्रक लॅमिनेट करायला. वेळापत्रक म्हणजे कागद नव्हता, पुठ्ठ्याएवढा तक्ता होता. पाच रंग, पट्टीनं आखलेले चौकोन, वर मध्यभागी "ध्येय" असं ठळक अक्षरात. पहाटे ४.३० उठणे. ४.३० ते ४.३५ कृतज्ञता. १०.०० ते १०.०७ चहा. रात्री ९.४० ते ९.५० हास्यविनोद. रविवारी दोन तास आत्मपरीक्षण, आणि आत्मपरीक्षणानंतर १५ मिनिटं विश्रांती. मी तक्ता मशीनमध्ये घालण्याआधी वरपासून खालपर्यंत वाचला.

"बाबू, यात जेवण कुठे आहे?"

त्यानं तक्ता हातात घेऊन उलटसुलट पाहिला. जेवण खरंच नव्हतं. पुन्हा आखायला कागद नव्हता, म्हणून मी तसंच लॅमिनेशन करून दिलं आणि त्यानं वरून मार्करनं जेवण लिहिलं. तिथेच त्याला शोध लागला की लॅमिनेशनवर मार्करनं लिहिलेलं पुसता येतं. त्याच्या आयुष्याला त्या दिवशी जे वळण लागलं ते आजतागायत सरळ झालेलं नाही.

"कधीपासून सुरू?" मी विचारलं.

"येत्या सोमवारपासून पक्कं, काकाजी."

"आज तर बुधवार आहे."

"मधातून चालू केला तं हप्त्याचा हिशेब बिघडते जी."

सोमवार येतो, यात वाद नाही. पण चामोर्शीत तो एकटा येत नाही. जुलैत येतो तो रोवण्याचा चिखल घेऊन. घरची दोन एकर बांधी, बाया मिळत नाहीत, पऱ्हे पिवळे पडायला लागलेले. अशा वेळी धुऱ्यावर राज्यघटना उघडून बसलेल्या मुलाला आई काय म्हणते हे छापण्यासारखं नसतं. रोवणा आटोपला की पोळा, पोळ्यामागून गणपती, मग देवी. दिवाळी झाली की मंडई आणि मंडईबरोबर नाटकं. वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टीतली नाटकं रात्री सुरू होतात आणि उजाडायला संपतात. सोमवारभाऊ फक्त पहिला अंक पाहायला जातो. वेळापत्रकात तसा चौकोनही असतो: "नाटक (पहिला अंक), सांस्कृतिक घटक." पण पहिल्या अंकाच्या शेवटी नायिकेच्या बापावर हमखास खोटा आळ येतो, आणि निर्दोष माणसाला तशा अवस्थेत टाकून घरी येणं सोमवारभाऊच्या स्वभावात नाही. मग धानाची कापणी, चुरणा. मग महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा. पुढे मोह पडायला लागतो, त्यामागून तेंदूपत्ता, त्यातच लग्नं. एवढ्यातून जे सोमवार उरतात त्या सोमवारी ऊन असतं.

त्याला आळशी म्हणणारे लोक गावात आहेत. त्यांनी त्याला नीट पाहिलेलं नाही. आळशी माणूस इतका वाचत नाही. सवय या विषयावर जगात जे काही झालं आहे ते सोमवारभाऊला ठाऊक आहे. पूर्वी तो म्हणायचा, २१ दिवस सलग केलं की सवय लागते. त्यावर त्यानं २१ चौकोनांचा तक्ता केला होता. मग एक दिवस घाईघाईनं दुकानात आला.

"काकाजी, ते २१ दिवस खोटं निघालं."

"कोण म्हणतो?"

"मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून अमेरिकेत प्लास्टिक सर्जन होता. त्यानं १९६०च्या पुस्तकात लिहिलं होतं, का नवीन नाक बसवल्यावर पेशंटले त्या नाकाची सवय व्हायले कमीत कमी २१ दिवस लागते. लोकांनी ते नाक सोडलं अन् २१ धरून बसले."

खरा आकडा त्याच्या मते लंडनचा. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसं घेऊन केलेला अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला: कोणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कोणी पाणी प्यायचं, कोणी पळायचं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. सोमवारभाऊनं ६६ चौकोनांचा नवा तक्ता केला. मग २५४ हा आकडा त्याच्या मनात घोळायला लागला आणि "आपण त्यातले असलो तं?" म्हणून २५४ चौकोनांचा केला. तो माझ्या मशीनमध्ये मावेना. दोन तुकड्यांत लॅमिनेट करून जोडावा लागला. त्याच अभ्यासात असंही निघालं होतं की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवयीचं फारसं बिघडत नाही. संपूर्ण संशोधनातला हा एक निष्कर्ष सोमवारभाऊनं मनापासून आचरणात आणला.

सोमवारचाही त्याच्याकडे आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये दाखवलं, की माणसं आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला जास्त जोमानं व्यायामशाळेत जातात. नव्या पानावर जुना नाकर्तेपणा आपला वाटत नाही, असं त्यामागचं कारण. "म्हणजे मी चुकीचा नाही जी," तो म्हणाला. "मी फक्त सुरुवातीचा माणूस आहो."

ठळक शाईनं पुस्तक रंगवण्याचा उपयोग नसतो, हेही त्याला माहीत आहे. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचे जॉन डनलॉस्की आणि इतरांनी २०१३मध्ये अभ्यासाच्या १० पद्धती तपासल्या. ओळी रंगवणं आणि तेच तेच पुन्हा वाचणं तळाला गेलं, स्वतःची परीक्षा घेणं आणि थोडं थोडं अंतरानं करणं वर आलं. तो लेख त्यानं माझ्याकडून छापून नेला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यातली ती ओळ पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली होती आणि कडेला हिरव्यानं लिहिलं होतं, "महत्त्वाचं."

आपलं ध्येय चारचौघांत बोलून दाखवलं की ते निम्मं साध्य झाल्यासारखं वाटतं आणि हातून काम कमी होतं, असं मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी २००९मध्ये मांडलं होतं. सोमवारभाऊनं हे बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मोठ्यानं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "म्हणून यंदा उपजिल्हाधिकारी व्हायचं मी कोणाले सांगणार नाही."

त्याच्या ध्येयाचा प्रवासही असाच चढता. पोलीस भरतीत राहिलं तेव्हा त्यानं तलाठी धरला. तलाठ्यात राहिलं तेव्हा फौजदार. फौजदाराच्या पूर्वपरीक्षेत राहिलं तेव्हा थेट उपजिल्हाधिकारी. अपयशातून माणूस वर जातो असं म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं. आईनं एकदा हळूच विचारलं, "बाबू, एखादं खालचं नाही का रे भेटत?" त्यावर तो म्हणाला, "आई, खालच्याले गर्दी लई आहे."

आता अभ्यास. तो अजिबात करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एम. लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेवरचं पुस्तक त्याच्याकडे तीन आवृत्त्यांत आहे. नवा सोमवार आला की तो ते पहिल्या पानापासून उघडतो. पहिल्या प्रकरणात कंपनी सरकारचा कारभार येतो: १७७३चा रेग्युलेटिंग ॲक्ट, १७८४चा पिटचा कायदा, मग १७९३, १८१३, १८३३, १८५३चे सनदी कायदे. हे त्याला झोपेत विचारा. वॉरन हेस्टिंग्जला जेवढं ठाऊक नसेल तेवढं त्याच्याबद्दल सोमवारभाऊला ठाऊक आहे. १८५७चा उठाव होईपर्यंत साधारण गुरुवार उजाडतो. शुक्रवारी राणीच्या हाती कारभार जातो. शनिवारी थकवा, रविवारी आत्मपरीक्षण, आणि सोमवारी पुन्हा १७७३. पंचायत राज पुस्तकात पुढे बरंच आत आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली, तिथवर तो कधी पोचलाच नाही. एका परीक्षेत पेसा कायद्यावर प्रश्न आला. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा १९९६चा कायदा, गडचिरोली जिल्ह्याच्या मोठ्या भागाला लागू. सामूहिक वनहक्क मिळवून देशभर नाव झालेलं मेंढा-लेखा गाव आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. सोमवारभाऊचं उत्तर चुकलं. परीक्षेहून आल्यावर तो चिडून म्हणाला, "अभ्यासक्रमाबाहेरचं विचारून राहिले."

त्याचं टेबल पाहिलं की मला मार्कंड्याच्या देवळाचं आवार आठवतं. मुख्य मंदिराचा जीर्णोद्धार करायचा म्हणून दगड उतरवले, आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. सोमवारभाऊचं टेबलही तसंच: वाळंबे यांचं व्याकरण इकडे, कोळंबे यांचं अर्थशास्त्र तिकडे, राज्य मंडळाची सहावी ते बारावीची पुस्तकं चढत्या क्रमानं, सगळं सुटं, सगळं नीट मांडलेलं.

मार्कंड्याचा विषय निघालाच आहे तर सोमवारभाऊनं लावलेला एक अर्थ सांगून टाकतो. मार्कंडेय ऋषींची गोष्ट इथल्या लेकरालेकराला पाठ. आयुष्य सोळाच वर्षांचं, यम न्यायला आला, पोरानं पिंडीला मिठी मारली, शंकरानं वाचवलं. सोमवारभाऊच्या मते वयोमर्यादा शिथिल झाल्याचं हे पहिलं उदाहरण. दुसरं ३ मार्च २०२३चं. त्या दिवशी शासन निर्णय निघाला: करोनात भरत्या थांबल्या म्हणून कमाल वयात दोन वर्षांची सूट, अराखीव उमेदवाराची ३८ची मर्यादा ४० आणि मागासवर्गीयाची ४३ची ४५. सोमवारभाऊचं वय अजून त्या मर्यादेच्या आसपासही नाही. तरी त्यानं पेढे वाटले. निवड झालेली पोरं एवढे पेढे वाटत नाहीत.

इथे मला थोडं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे, कारण गावात फार सोपे न्याय दिले जातात. ध्येय ठेव, रोज बस, मिळेल, असं सत्काराच्या भाषणात सांगतात. पण ध्येय जागेवर राहिलं तर ना. ५ एप्रिल २०२०ला ठरलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा सरकत सरकत २१ मार्च २०२१ला झाली. त्याआधी १४ मार्च ठरली होती, ती तीन दिवस आधी पुढे ढकलली म्हणून पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली. जिल्हा परिषदेची मार्च २०१९ची जाहिरात आली, फॉर्म भरले, पैसे गेले, परीक्षा झालीच नाही. पुढे ती रद्द झाली आणि नवी जाहिरात निघाली ऑगस्ट २०२३मध्ये. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार २०२३पासून म्हणाले, मग २०२५पासून. २०२३च्या तलाठी भरतीची फी अराखीवला १००० रुपये आणि राखीवला ९००. एका फॉर्ममध्ये धान रोवणाऱ्या बाईचे दोन-तीन दिवसांचे पैसे जातात. त्यात आपल्या जिल्ह्यात इतर मागासवर्गाचं आरक्षण कित्येक वर्षं ६ टक्क्यांवर होतं. सरकारच्याच वेळापत्रकाला जेवणाचा चौकोन नसताना सोमवारभाऊच्या तक्त्याला हसताना मी जरा आवाज खाली ठेवतो.

पण हसू येतं ते वेगळ्याच कारणानं. वेळापत्रकात नसलेली प्रत्येक गोष्ट हा माणूस न चुकता करतो.

पहाटे पाचला तो मैदानावर असतो. ऊन असो, पाऊस असो, आदल्या रात्री नाटकातल्या बापावर आळ आलेला असो. पोलीस भरतीच्या पोरांना १६०० मीटर पळायचं असतं. पूर्ण २० गुण हवे तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. कोणी तरी घड्याळ धरायला लागतं. पहिल्या वर्षी सोमवारभाऊ स्वतः पळायला गेला होता. दम लागला म्हणून बाजूला थांबला आणि थांबला आहे तर घड्याळ धर, असं पोरं म्हणाली. तेव्हापासून तो घड्याळ धरून आहे. कोण कितव्या फेरीत ढेपाळतो, गोळा फेकताना कोणाचा खांदा वळतो, हे त्याच्याकडे वहीत तारखेनिशी लिहिलेलं. सुरजागडचे लोहखनिजाचे ट्रक वाढल्यापासून त्यानं पोरांना मोठ्या रस्त्यावर पळणं बंद करायला लावलं. ऐकलं नाही त्याची वेळ तो घेत नाही.

सहाला तो अभ्यासिका उघडतो. पोरांच्या वर्गणीतून चालणारी खोली, पूर्वीचं धानाचं गोदाम. झाडतो, पाण्याचा कॅन भरतो, पंख्याला काठीनं ढोसून सुरू करतो. मग पेपर वाचतो आणि फळ्यावर १० प्रश्न लिहितो. रोज. काल-परवाच्या घडामोडी चार, व्याकरणाचे दोन, गणिताचे दोन, आणि आठवड्यापूर्वी विचारलेले दोन. संध्याकाळी सातला उत्तरं. ज्याचं चुकलं त्यानं दुसऱ्या दिवशी तो प्रश्न पुन्हा सोडवून सांगायचा. डनलॉस्कीसाहेबांनी वर काढलेल्या दोन्ही पद्धती त्या फळ्यावर सकाळ-संध्याकाळ चालतात, आणि पोरं एकामागून एक लागतात. कोणी शिपाई, कोणी तलाठी, एक जण तर न्यायालयात लिपिक. सोमवारभाऊ स्वतः ते प्रश्न सोडवत नाही.

"काहून?" मी विचारलं.

"मीच काढले ना जी. मले उत्तर माहीत आहेत."

"मग याला अभ्यासच म्हणतात की."

"नाही नाही. हे तं सकाळचं काम आहे. अभ्यास सोमवारपासून."

घोटकडच्या एका खेड्यातली पोरगी यायची. तिच्या गावापासून फाटा दूर, बस एकच सोयीची. ती चुकली की दिवस गेला. म्हणून ती घरून फाट्यापर्यंत पळतच यायची, पाठीवर दप्तर घेऊन. बसनं सोडलं की परतीची धरेपर्यंत, मधले तास ठरलेले. ते बदलणं ना तिच्या हातात, ना तिच्या बापाच्या. उतरली की अभ्यासिकेत यायची, फळ्यासमोर उभी राहून दहा प्रश्न वहीत उतरवायची, तिथेच सोडवायची, मगच बसायची. संध्याकाळच्या उत्तरांपर्यंत तिला थांबता येत नसे, म्हणून ती सोमवारभाऊच्या मागे लागून दुपारीच उत्तरं तपासून घ्यायची.

सोमवारभाऊला तिची काळजी वाटायची. एक दिवस त्यानं तिला खुर्चीवर बसवून विचारलं, "तुझं ध्येय काय?"

"दोन चाळीसची बस."

"तसं नाही. आयुष्यातलं."

"ते बसमध्ये बसल्यावर पाहीन ना भाऊ."

त्यानं तिच्यासाठी पाच रंगांत वेळापत्रक करून दिलं, लॅमिनेशनचे पैसे स्वतः भरले. तिनं ते घरी नेऊन धानाच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवलं, असं मला नंतर कळलं. आणि मग वनरक्षकाची भरती आली. मुलींना ३ किलोमीटर पळायचं होतं. फाट्यापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. एसटीनं तिची तयारी फुकटात करून घेतली होती. ती लागली. आता जंगलात बीट सांभाळते.

ती लागल्यावर सोमवारभाऊनं तिच्या यशाचं विश्लेषण केलं, म्हणजे मला बसवून समजावलं. गोलविट्झर यांनीच १९९९मध्ये मांडलेलं आहे: "मी अभ्यास करीन" असं ठरवून होत नाही, "अमुक झालं की तमुक करीन" असं गाठ मारून ठेवलं की होतं. बस उभी राहिली की फळा, फळा झाला की खुर्ची. "तिचं हे आपोआप झालं," तो म्हणाला. "मी ते नियोजन करून करणार आहो."

तो टाळी वाजवण्यात कंजूष नाही. दुसऱ्याच्या निकालाच्या रात्री झोपत नाही, यादी येईपर्यंत पीडीएफ ताजी करत राहतो, नाव सापडलं की त्या पोराच्या आधी त्याच्या बापाला फोन करतो. जळतो का? एकदाही दिसलं नाही. हेच मला त्याच्यात सगळ्यात अवघड वाटतं. एवढा मोकळा माणूस साहेब झाला तर काय होईल, असा विचार करून मी कधीकधी त्याच्या वेळापत्रकाला मनातल्या मनात शुभेच्छा देत नाही.

यंदा अभ्यासिकेतली बरीच पोरं पोलिसात लागली. नगरपंचायतीच्या सभागृहात सत्कार ठेवला. हार, शाल, श्रीफळ. माइक आधी "हॅलो हॅलो" म्हणाला आणि मग माणूस. पोरांनी हट्ट धरला की भाऊ बोलले पाहिजेत. सोमवारभाऊनं खिशातून कागद काढला. तो कागद मी ओळखला, कारण तो मीच छापून दिला होता. त्याच्या स्वतःच्या निवडीनंतर करायचं भाषण. कित्येक वर्षांपूर्वी तयार, तेव्हापासून त्यात एक स्वल्पविरामही बदललेला नाही. त्याच्या आयुष्यातली एकमेव पूर्ण झालेली गोष्ट.

"माझ्या या यशाचं श्रेय..." त्यानं सुरुवात केली आणि थांबला. "यांच्या," असं दुरुस्त केलं. पुढे तो वाचता वाचता "मी"चं "हे" आणि "माझी आई"चं "यांच्या आया" करत गेला. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केल्याचं एक वाक्य होतं, तिथे पहिल्या रांगेतला एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, आपल्याकडे ट्यूबलाइट आहे." सभागृह हसलं. सोमवारभाऊही हसला आणि ते वाक्य त्यानं जसंच्या तसं वाचलं. शेवटचा परिच्छेद नव्या उमेदवारांना उपदेश होता: ध्येय लहान ठेवू नका, रोज ठरावीक वेळी बसा, मोबाइल लांब ठेवा. टाळ्या झाल्या. खाली उतरताना एक बाप धाकट्या पोराला पुढे ढकलत म्हणाला, "याले तुमच्या हाताखाली घ्या जी. फी सांगा, आम्ही देतो."

"फी कायची? मी स्वतःच परीक्षार्थी आहो."

"तरी पण..."

"नोकरी लागली का मले वेळ भेटणार नाही. तोपर्यंत पाठवा."

चार दिवसांनी नवी जाहिरात निघाली आणि तो फॉर्म भरायला दुकानात आला. फोटो जुनाच दिला. नवीन काढ म्हटलं तर म्हणाला, "या फोटोतला चेहरा जास्त अभ्यासू आहे." मी रकाने भरत गेलो. नाव, वडिलांचं नाव, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. पुढे अनुभवाचा रकाना होता.

"इथं काय लिहू? मार्गदर्शक? अभ्यासिका व्यवस्थापक? एवढ्या वर्षांचं काम आहे तुझं."

"रिकामं ठेवा जी," तो म्हणाला. "नसलेलं काहून लिहायचं?"

तेवढ्यात समोरून एका पोरानं हाक मारली. फळ्यावरच्या सातव्या प्रश्नाचे दोन पर्याय बरोबर येत होते. सोमवारभाऊ फॉर्म अर्धा टाकून रस्ता ओलांडून पळाला आणि तिथेच वाद घालत बसला. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येणार होता. मोबाइल त्याच्या खिशात. मी हाका मारल्या. थोड्या वेळानं साइटनं सत्र संपल्याचं सांगितलं, सगळे रकाने कोरे झाले, आणि मी पुन्हा पहिल्या पानापासून त्याचं नाव टाइप करायला घेतलं.